बाहुली कशाची करायची?

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही चार दिवसांचे शिबिर घेतले. गोष्टीतली पात्रे मुलांनी स्वतः कापायची, शिवायची आणि शेवटच्या दिवशी त्यांच्याकडून गोष्ट सांगून घ्यायची, असा बेत होता. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची निवडली होती. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी म्हातारी, आणि तिला खायला टपलेले वाघ नि कोल्हा.

आम्ही नागपूरहून येताना रंगीत फेल्टचे गठ्ठे आणले होते. परदेशी हस्तकलेच्या पुस्तकांत बाहुल्या फेल्टच्याच असतात. मुलांना सोपे पडते, हेही त्या पुस्तकांत लिहिलेले असते. आणि पडलेही. पहिल्या दोन दिवसांत पिवळे वाघ आणि तपकिरी कोल्हे तयार झाले. तिसऱ्या दिवशी फेल्ट संपत आले, तेव्हा आम्ही मुलांना घरून चिंध्या आणायला सांगितल्या. कोणी गोधडीचे तुकडे आणले, कोणी आजीच्या जुन्या लुगड्याचा पदर. म्हातारी या कापडाची करायची ठरली आणि तिथे अडले. कात्री लावली की कडेने दशा निघायच्या. टाका कडेजवळ घातला तर तो दशांसकट सुटून यायचा. चौथीतल्या एका मुलीने दोन्ही तुकडे हातात धरून विचारले, “सर, लुगड्याच्या दशा निघतात, मग याच्या काहून नाही निघत?”

प्रश्न साधा होता. आमच्यापैकी एकाने तिथल्या तिथे उत्तरही दिले. पण त्याच संध्याकाळी शाळेच्या बाईंनी दुसरा प्रश्न विचारला : “तुम्ही गेल्यावर हे फेल्ट आम्ही कुठून आणायचं?” त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. या दोन प्रश्नांचा माग काढताना आम्हांला जे वाचायला मिळाले, ते शिक्षक मित्रांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

दशा का सुटतात?

आधी मुलीच्या प्रश्नाकडे वळू. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एक लांबट पेशी. बोंड फुटले की ती पेशी वाळते, चपटी होते आणि फितीसारखी स्वतःभोवती पिळली जाते. या नैसर्गिक पिळांमुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि कातताना त्यांचा दोरा होतो. दोऱ्यांचे कापड होण्यासाठी मात्र उभे आणि आडवे धागे एकमेकांच्या वरखालून जावे लागतात. कापडातला प्रत्येक धागा फक्त या वरखालीमुळे, म्हणजे शेजाऱ्यांच्या घर्षणामुळे, जागेवर असतो. कात्रीने कड कापली की शेवटच्या धाग्याला बाहेरच्या बाजूने धरणारे कोणीच उरत नाही. तो सुटतो, मग त्याच्या आतला सुटतो. त्यांनाच आपण दशा म्हणतो.

फेल्टमध्ये उभे-आडवे धागेच नसतात. खरे फेल्ट, म्हणजे आपल्याकडे ज्याला नमदा म्हणतात ते, लोकरीचे. मेंढीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे केसाच्या टोकाकडे झुकलेले असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने सरकताना अडतो. कोमट पाणी आणि साबण घालून लोकर दाबत, चोळत राहिले, की प्रत्येक केस थोडाथोडा एकाच दिशेने सरकतो, दुसऱ्यांत गुंततो आणि मागे येऊ शकत नाही. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की आटून जाड होतो, तेही याच कारणाने. अशा गुंत्यात तंतू सगळ्या दिशांनी अडकलेले असतात, म्हणून तो कुठेही कापला तरी कड सुटत नाही. कापसाच्या तंतूवर असे खवले नाहीत. त्यामुळे कापूस साबणाच्या पाण्यात कितीही चोळला तरी त्याचा नमदा होत नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आम्ही नेलेले फेल्ट लोकरीचे नव्हतेच. स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारे स्वस्त फेल्ट बहुधा पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकच्या तंतूंचे असते. या तंतूंनाही खवले नाहीत. काटेरी सुयांच्या यंत्राने टोचून टोचून ते गुंतवलेले असतात. म्हणजे कापसाच्या जिल्ह्यात आम्ही खनिज तेलापासून केलेले कापड घेऊन गेलो होतो.

फेल्टची बाहुली कुठली?

लोकर गुंतवण्याची कला मेंढपाळांची. मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांचे तंबू, खोगिराखालचे आच्छादन, टोप्या हे सगळे नमद्याचे असे. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाच्या जागी बर्फात गोठलेली थडगी सापडली. त्यांतल्या एकात नमद्याचे शिवलेले, आत भरण घातलेले राजहंस मिळाले. ते सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे असून सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. ते हंस खेळण्यासाठी नव्हते, पण नमदा कापून, शिवून, भरून प्राणी करता येतो हे किती जुने ज्ञान आहे ते त्यांवरून कळते.

आजच्या फेल्टच्या खेळण्यांचा इतिहास मात्र जर्मनीतल्या गिंगेन या छोट्या गावाकडे नेतो. मार्गारेट श्टाइफ (१८४७-१९०९) ही तिथली. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचे पाय लुळे होते आणि उजवा हातही अशक्त होता. तरी ती शिवण शिकली आणि पुढे तिने फेल्टचे कपडे शिवून विकण्याचा व्यवसाय काढला. १८८० साली तिने फेल्टचा एक लहानसा हत्ती केला. तो टाचण्या टोचून ठेवण्यासाठी होता, पण घरोघरची मुले त्याच्याशी खेळू लागली. तिथून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मार्गारेटने फेल्ट निवडले, कारण तिच्या नात्यातल्या एका गृहस्थांचा फेल्टचा कारखाना गावातच होता. हाताशी होते ते तिने वापरले. हत्ती फेल्टचा झाला तो गिंगेनला फेल्ट मिळत होते म्हणून. बाहुली फेल्टचीच असावी असा काही नियम त्यामागे नव्हता. आम्ही पुस्तकातून वस्तू उचलली आणि ती तशी का झाली ते पाहिलेच नाही.

चिंधीची बाहुली

हाताशी असेल त्याची बाहुली, हा क्रम फार जुना आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातल्या इजिप्तमधली एक चिंध्यांची बाहुली आहे. इजिप्तमध्ये जवस पिकत असे आणि पपायरसची लव्हाळी उगवत. ती बाहुली जवसाच्या धाग्याच्या कापडाची आहे, आणि तिच्या पोटात चिंध्या व पपायरसचे तुकडे आहेत. वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे ती टिकली.

आपल्याकडची हवा दमट आणि वाळवी तत्पर. त्यामुळे कापडाच्या जुन्या बाहुल्या सापडत नाहीत. सापडत नाहीत म्हणजे नव्हत्या असे मात्र नाही. महाराष्ट्रातल्या धाग्याचा एक फार जुना पुरावा कसा टिकला ते पाहा. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे येथे १९५४ पासून उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या वस्तीत एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या भोकांत धाग्याचे अवशेष होते. तपासणीत त्यात रेशमाबरोबर कापूसही असल्याची नोंद झाली. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात, म्हणून तेवढा धागा तीन हजार वर्षे राहिला. बाकी सगळे कापड मातीत गेले. मुलाच्या अंगावरचा धागा टिकला, त्याच्या हातातले खेळणे आपल्याला माहीत नाही.

पुढच्या काळात पुरावा भाषेत मिळतो. तेराव्या शतकातल्या ज्ञानेश्वरीत दोरीने नाचणाऱ्या बाहुल्याच्या खेळाचा दृष्टान्त येतो आणि त्यासाठी ‘सायखडे’ हा शब्द वापरलेला आहे. श्रोत्यांनी हा खेळ पाहिलेला असल्याशिवाय असा दृष्टान्त कोणी देत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या आजही जपल्या आहेत. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे कोकणात कळसूत्री बाहुली लाकडाची. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले लाकडी बैल मिरवतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे गाणी म्हणतात. आणि घरात खेळायची बाहुली जुन्या लुगड्याची, पोटात कापूस किंवा चिंध्या भरलेली. लाकूड, माती, चिंधी, ज्या कामाला जे सोयीचे ते.

चिंधीच्या बाहुलीत दशांचा प्रश्न आया-आज्यांनी कधीच सोडवला होता. कड आत दुमडून टाका घालायचा, किंवा आतून शिवून कापड उलटे करायचे. गोधडीच्या कडेलाही तेच असते. शिबिरात हे आम्हांला ऐनवेळी सुचले नाही. एका मुलाची आजी कुतूहलाने पाहायला आली होती. तिने लुगड्याचा तुकडा मागून घेतला, कड दोनदा दुमडली आणि धावदोरा घालून दाखवला. मग म्हातारी शिवली गेली.

दोरा गावातून कसा गेला?

याच वेळी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. मुलांना कापसाबद्दल आमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती होती. पऱ्हाटीला पाती कधी लागते, बोंडअळी कशी ओळखायची, पहिल्या वेच्याचा कापूस वेगळा का असतो, हे ती सांगत होती. वेचणीचे दिवस होते, म्हणून रोज पटावरची काही मुले गैरहजर असत. ज्या मुलीने दशांचा प्रश्न विचारला तीही एक दिवस आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सुई टोचेल म्हणून आम्ही तिला जपायला सांगितले, तर ती म्हणाली, “वाळल्या बोंडाचं टोक लागते, त्याच्याहून सुई बरी.” पण कापसाचा दोरा कसा होतो, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. एक मुलगा म्हणाला, “दोरा दुकानातून येते.”

कापूस शेतातला आणि दोरा दुकानातला, अशी ताटातूट का झाली याला इतिहास आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत आणि यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. वऱ्हाडचा कापूस परदेशच्या बाजारात अमरावतीवरून ‘उमरा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी सरकारने तेव्हा एक कापूस-आयुक्त नेमला होता. त्याचे नाव हॅरी रिव्हेट-कार्नाक. १८६९ च्या अहवालात त्याने आपली अपेक्षा उघडपणे मांडली. रेल्वेचा फाटा आला, की युरोपातले कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल. मग इथे कातला जाणारा कापूस निर्यातीसाठी मिळेल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीसाठी मोकळी होतील. म्हणजे जे घडले ते निव्वळ अपघाताने घडले नाही. ते व्हावे अशी इच्छा कागदावर लिहिलेली आहे.

प्रत्यक्षात हातमाग एकदम संपले नाहीत. गिरणीचे सूत विकत घेऊन विणकर पुष्कळ वर्षे विणत राहिले. पण घरोघरची सूतकताई मात्र फार लवकर गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे झाली. शकुंतला या नावाने लोक तिला ओळखत. ती मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी बांधलेली होती. दारव्हा याच मार्गावर आहे. शकुंतला आता धावत नाही, पण तिच्या रुळांबद्दल मुलांनी आम्हांला उत्साहाने सांगितले. ते रूळ कशासाठी टाकले होते, हे त्यांच्या म्हातारीच्या लुगड्याशी जोडून सांगितल्यावर वर्गात बराच वेळ प्रश्न चालू राहिले.

शाळेत हस्तव्यवसाय

कापूस आणि शाळा यांची गाठ घालण्याचा मोठा प्रयत्न यवतमाळच्या शेजारीच झाला. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ आणि २३ तारखेला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने ‘नई तालीम’चा अभ्यासक्रम तयार केला. एखादा उत्पादक हस्तव्यवसाय केंद्रस्थानी ठेवून त्यातून गणित, भूगोल, विज्ञान शिकवायचे, ही कल्पना. कापूस निवडणे, सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, टकळीवर कातणे हे सगळे त्यात होते. पुढे बऱ्याच ठिकाणी त्याचे निव्वळ टकळी फिरवणे झाले. हात चालू राहिले आणि प्रश्न विचारणे थांबले. ही योजना मागे पडण्याला इतरही कारणे आहेत, पण हे एक कारण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक यांचे. काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करू लागल्या. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग आणि परदेशी होती. १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, खडे, पाने यांपासून साधने केली. साधनामागचे तत्त्व कायम ठेवून वस्तू बदलली. १९५७ पासून हेच काम कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये झाले. बाईंनी आम्हांला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांपूर्वी इथेच देऊन ठेवलेले होते.

वर्गात काय करता येईल?

त्या शिबिरानंतर आम्ही फेल्ट नेणे बंद केले. फेल्ट वाईट असते असे नाही. अगदी लहान मुलांना पहिला टाका शिकवायला त्याची न सुटणारी कड उपयोगी पडते, आणि एखादा तुकडा तुलनेसाठी जवळ असावाच. पण शिवण्यासाठी आता जुने सुती कापड आणि भरण्यासाठी गावातलाच कापूस असतो. बाहुल्या शिवता शिवता पुढील गोष्टी करून पाहता येतात.

एक. सुती कापडाचे सारख्या मापाचे दोन तुकडे घ्या. एक धाग्याच्या रेषेत सरळ कापा, दुसरा तिरपा. दोन्ही पन्नास वेळा झटका आणि किती धागे सुटले ते मोजा. तिरप्या तुकड्याच्या दशा कमी निघतात. का, ते मुलांना भिंगातून पाहून शोधू द्या.

दोन. थोडी न कातलेली मेंढीची लोकर मिळवा. लोकर आणि कापूस वेगवेगळ्या भांड्यांत कोमट साबणाच्या पाण्यात घालून पंधरा मिनिटे तळहातांत चोळा. वाळल्यावर दोन्ही ओढून पाहा.

तीन. एका बोंडातल्या सरक्या हाताने काढा. किती निघाल्या? त्याला किती वेळ लागला? एका बाहुलीत मावेल एवढ्या कापसाला किती बोंडे लागतील? हे गणित मुलांनीच मांडावे. मग चिमूटभर कापूस बोटांनी ओढत पिळून वीतभर दोरा काढा. त्या दोऱ्याने बाहुलीचा निदान एक टाका घाला.

चार. लोकर, सूत आणि बाजारातले फेल्ट यांचा एकेक धागा शिक्षकांनी स्वतः चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, जाळून दाखवावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये.

शिवणाच्या तासाला मुलगे बाहेर खेळायला जातात, असे काही शाळांत अजून दिसते. आमच्या शिबिरात वाघ शिवायला मुलगे लगेच पुढे आले, म्हातारी शिवायला जरा लाजले. दुमडलेल्या कडेवर सर्वांत बारीक धावदोरा मात्र शेवटी एका मुलाचाच निघाला.

चौथ्या दिवशी गोष्ट सांगून झाली. फेल्टचे वाघ आणि लुगड्याची म्हातारी एकाच पडद्याआडून बोलली. म्हातारीच्या पोटात शाळेमागच्या शेतातला कापूस होता आणि तो दशांचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने आणला होता. आम्ही निघालो तेव्हा बाईंनी उरलेले फेल्ट परत दिले. “पुढच्या गोष्टीला लागणार नाही,” त्या म्हणाल्या, “मुलांनी घरून चिंध्या आणायचं कबूल केलं आहे.”